ताडपत्रीचा बारमाही सूट

आमच्या शिरूर तालुक्यात पाऊस पडत नाही असं लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. पडतो. फक्त तो शेतावर पडत नाही, माझ्यावर पडतो.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खालच्या खुर्चीवर बसणारा माणूस. पण वरच्या खुर्चीवर कित्येक वर्षांत कुणी बसलेलंच नाही, त्यामुळं हिवरमाळ आणि आसपासच्या वाड्यांवरचे लोक मलाच डॉक्टर म्हणतात, आणि मीही प्रत्येकाला दुरुस्त करत बसत नाही. घर शिरूरला, नोकरी पाबळच्या पुढं हिवरमाळला. रोज फटफटीवरून शिक्रापूरमार्गे जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. गाय माजावर आली की ती ऊन बघत नाही, थंडी बघत नाही, पाऊस उघडायची वाट बघत नाही. तेव्हा मलाही बघून चालत नाही.

दोन हजार दोन सालच्या सप्टेंबरात परतीच्या पावसानं मला शिक्रापूरच्या पुढं गाठलं. आडोशाला थांबावं तर त्याच दिवशी वरच्या ऑफिसचे साहेब दवाखाना तपासायला येणार होते. मी तसाच गेलो. साहेब माझ्या आधी पोचलेले. मी बुटातून पचक पचक आवाज काढत आत गेलो, नमस्कार केला, तर बाहीतून निघालेली धार थेट त्यांच्या चहाच्या कपात. साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिपायाला म्हणाले, "आधी यांना वाळत घाला." शिपाई निर्बुद्ध. हिवरमाळला थेंब पडला नव्हता, त्यानं खरोखरच बाहेर उन्हात खुर्ची मांडली. तपासणी संपेपर्यंत मी त्या खुर्चीवर, आणि समोर बैलांच्या लसीसाठी आलेलं निम्मं गाव.

त्या खुर्चीवर वाळता वाळता मी निश्चय केला. असा एक पोशाख घ्यायचा की पावसाळ्यात थेंब आत येणार नाही, थंडीत वारा आत येणार नाही, उन्हाळ्यात धूळ आत येणार नाही, आणि मी रिटायर होईपर्यंत तो फाटणार नाही. बारमाही सूट. घरी आल्यावर मी ही कल्पना सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला, बरीच रंगवून सांगितली. ती शिरूरलाच शाळेत शिकवते. तिनं वह्या तपासताना मान वर न करता सांगितलं, "बाजारातून एक रेनकोट आणा आणि विषय संपवा."

तर मी शनिवारच्या बाजारातून रेनकोट आणला. वर कोट, खाली पॅन्ट, निळं प्लॅस्टिक. घालून मोठ्या रुबाबात अंगणात आलो आणि गाडीला किक मारली. गाडी सुरू झाली नाही, पण पॅन्ट पुढून मागपर्यंत उघडली. आवाज इतका मोठा झाला की शेजारचे पोपटराव बनियनवर बाहेर आले. पोपटरावांनी उभा जन्म दौंडला रेल्वेत काढलाय. रिटायर होऊन शिरूरला आले, पण जगातली प्रत्येक गोष्ट रेल्वेत जास्त चांगली होती यावरचा त्यांचा विश्वास दौंडलाच राहिला नाही, सोबत आला. त्यांनी माझ्या पॅन्टची दोन्ही टोकं हातात धरून बघितली आणि म्हणाले, असला माल रेल्वेत कुणी पुसायला घेणार नाही. मग आत जाऊन स्वतःचा ड्यूटीचा रेनकोट घेऊन आले. काळा, जाडजूड, घोट्यापर्यंत लांब. मनमाडच्या पावसात, पुणतांब्याच्या पावसात, कुठल्याकुठल्या पावसात तो कोट कसा कोरडा राहिला याच्या हकिगती ऐकण्यात माझा अख्खा रविवार गेला.

कोट उत्तमच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो रुळाच्या कडेनं चालणाऱ्या माणसासाठी केलेला होता, फटफटीवर बसणाऱ्यासाठी नाही, हा फरक ना पोपटरावांच्या लक्षात आला ना माझ्या. हायवेला लागलो तसा त्यात वारा शिरला आणि मी दुप्पट झालो. ट्रकवाले मला वाट द्यायला लागले. हा सगळा पोशाखाचा मान आहे असं समजून मी जरा ताठ बसलो, तेवढ्यात कोटाचं मागचं टोक चेनमध्ये गेलं. गाडीनं कोट गिळायला सुरुवात केली. ब्रेक दाबून थांबलो तेव्हा मी गळ्यापासून मागच्या चाकापर्यंत बांधला गेलो होतो. शिक्रापूरच्या चौकात, शिफ्ट सुटायच्या वेळेला. उतरता येईना, वळता येईना. कंपनीतली पोरं गोळा झाली, त्यातल्या एकानं पानाच्या टपरीवरून कात्री आणली आणि मला मोकळं केलं. पोपटरावांना मी कॉलर आणि दोन बटणं परत केली. ते दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, फराळाचं ताटसुद्धा सुषमाच्या हातात दिलं.

आता आमचे आबा मैदानात उतरले. आबा म्हणजे माझे वडील, गेणबा. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आबांनी त्यांच्या तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडापर्यंत वाटा तुडवलेल्या. आता शिरूरच्या घरात टीव्ही बघतात, पण घोंगडी उशाला असते. त्यांनी ती माझ्या अंगावर टाकली. म्हणाले, "ह्येच्यात चार चार महिनं काढलं म्या. कवा शिंकलो बी न्हाई."

मी म्हटलं, आपण शास्त्र शिकलेला माणूस, आधी चाचणी घेऊ. अंगणात स्टुलावर सुषमाला उभी केली, खाली मी घोंगडी पांघरून बसलो, आणि तिनं वरून बादली ओतली. तिनं जरा जास्तच मनापासून ओतली असं मला वाटलं. चाचणीचा निकाल असा की पाणी माझ्यापर्यंत पोचलं नाही, कारण सगळं घोंगडीनं पिऊन टाकलं; आणि मला उठता येईना. आबांनी आणि सुषमानं मिळून मला बाहेर काढलं. नळाला तीन दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या कॉलनीत हा प्रकार भिंतीवरून चारचौघांनी बघितला. दुसऱ्या दिवशी शाळेत सुषमाला हेडमास्तरीण बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

यानंतर मी सरकारी मार्गानं जायचं ठरवलं, आणि इथंच माझ्या आयुष्याला खरी फोडणी बसली. फिरतीवरच्या माणसाला पावसाळी साहित्य मिळतं असा नियम आहे हे मला ठाऊक होतं. वरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्कनं नियम काढला आणि माझी दया आल्यासारखा चेहरा केला. नियम आहे, पण तो जास्त पावसाच्या तालुक्यांसाठी. वेल्हे, भोर, मुळशी, मावळ. शिरूर आणि दौंड अवर्षणप्रवण. "तुमच्याकडं पाऊस पडत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, मी भिजलो. साहेबांच्या चहात पाणी पडलं, साहेबांना विचारा. तो म्हणाला, ते तुम्ही वैयक्तिकरीत्या भिजला असाल.

पण माणूस मनानं चांगला होता, आणि असल्या माणसांपासूनच जास्त सांभाळायला पाहिजे. मी उठायला लागलो तसं त्यानं मला खाली बसवलं, चहा मागवला, आणि आवाज उतरवून युक्ती सांगितली. कोट मंजूर व्हायचा तर कर्मचारी वेल्ह्याचा दिसला पाहिजे. तेव्हा तुमचा कागद वेल्ह्याच्या गठ्ठ्यात घालू. "फक्त कोटापुरतं," तो म्हणाला. "कोट आला की परत काढून घेऊ." मी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. आज आठवलं की स्वतःचेच हात धरून मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

कोट काही आला नाही. थंडी गेली, उन्हाळा लागला. मी वाट बघून कंटाळलो आणि शिक्रापूरला बन्सीकडं गेलो. बन्सी ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो. उत्तरेकडून आलेला माणूस, हायवेच्या कडेला मशीन टाकून बसलेला. ट्रकची ताडपत्री देशभर ऊनपाऊस खाते आणि फाटत नाही, मग तिचाच सूट का शिवू नये, हा विचार माझा मलाच सुचला आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. बन्सीनं माझं माप ट्रकचं घेतात तसंच घेतलं, पुढून, मागून, आणि माल भरल्यावर किती फुगेल हे विचारून.

सूट मात्र त्यानं जीव ओतून केला. खाली छातीपर्यंत येणारी विजार, खांद्यावरून पट्टे. वर टोपीचा डगला. प्रत्येक शिवणीवर पंक्चरचं सोल्युशन. पाणी पायातून शिरतं म्हणून विजारीच्या खालच्या टोकांना त्यानं गमबूटच चिकटवून टाकले, दोरा मारला आणि वरून पट्टी लावली. बुटासकट एक विजार. ती पायात घालायची नाही, तिच्यात उतरायचं. मी उतरलो. बन्सी माझ्याभोवती फिरला, सगळीकडून ठोकून बघितलं आणि म्हणाला, "नीचे से एक बूँद नहीं आएगा साहब. ऊपर का आप देख लेना."

पहिल्या दिवशी तो सूट घालून मी हिवरमाळला गेलो तेव्हा त्याचा आवाज हा विषय पुढं आला. ताडपत्री कडक, प्रत्येक पावलाला कडाड वाजायची. दवाखान्यासमोर बांधलेली जनावरं कान टवकारून उभी राहिली. विठाबाईंची गाय तपासायला मी वाकलो, सूट कडाडला, आणि गाय दावं तोडून माळाला लागली. विठाबाई एकट्या राहणाऱ्या, त्यांचं सगळं त्या एका गायीवर. त्या गायीमागं, मी विठाबाईंमागं, आणि मी जितका पळीन तितका सूट वाजे आणि गाय तितकी लांब जाई. शेवटी विठाबाईंनी लांबूनच हात केला की तुमी थांबा. तेव्हापासून गावाबाहेर सूट काढायचा, गाडीच्या कॅरियरला बांधायचा आणि मग गावात शिरायचं असा रिवाज मी पाडला.

आता त्या वर्षीचा पाऊस. दोन हजार तीन. जून कोरडा गेला. जुलैमध्ये ढग यायचे, माळावर सावली पडायची, लोक घराबाहेर यायचे. मी आपला गावाबाहेर येऊन घाईघाईनं सूट चढवायचो, आणि माझा शेवटचा पट्टा लागेपर्यंत लख्ख ऊन. हे एकदा झालं, दोनदा झालं, मग सारखंच व्हायला लागलं. हिवरमाळला टँकर सुरू झाला. लोकांचं लक्ष आभाळाकडं लागलेलं होतं, आणि आभाळाखाली त्यांना दिसत होतो मी. म्हाळूआप्पा गावातले जाणते. पारावर बसल्या बसल्या त्यांनी शोध लावला की डॉक्टरांचा डगला चढला की आभाळ फाकतं. मी हसून सोडून दिलं. पण खरं सांगू का, पुढच्या वेळी ढग आले तेव्हा मी सूट चढवला नाही. चोरून आभाळाकडं बघत नुसताच उभा राहिलो. तरीही पाऊस आला नाही. म्हाळूआप्पा म्हणाले, कॅरियरला हाय न्हवं बांधलेला.

आणि त्याच आठवड्यात वरच्या ऑफिसचा हुकूम आला. मला कोट मंजूर झाला होता. तो वेल्ह्याच्या दवाखान्यात ठेवला होता, आणि मी तिथं हजर होऊन तो ताब्यात घ्यावा व कामाला सुरुवात करावी असं लिहिलं होतं. मी ऑफिसात धावलो. मनानं चांगला क्लार्क बदलून गेलेला. नव्यानं सांगितलं की गठ्ठ्यात तुम्ही वेल्ह्याचेच आहात, हिवरमाळला तुम्ही कसे काय जाताय हेच आम्हाला कळत नाही.

घरी येऊन सुषमाला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही, तिनं वह्या बाजूला ठेवल्या, आणि मला त्याचीच भीती वाटली. लग्नानंतरची सहा वर्षं ती एका तालुक्यात आणि मी दुसऱ्या तालुक्यात, अशी काढलीत आम्ही. शनिवारी संध्याकाळी भेटायचं आणि सोमवारी पहाटे एस.टी. धरायची. आत्ता कुठं दोन वर्षं एका घरात राहत होतो. आबा थकलेले. मी वेल्ह्याच्या डोंगरात गेलो तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार. ती शेवटी एवढंच म्हणाली, "एका कोटासाठी, मल्हार?" ती मला नावानं हाक मारते ती फक्त सगळं संपल्यासारखं वाटतं तेव्हा.

नव्या क्लार्कनं एक वाट दाखवली होती. हा माणूस आम्हाला इथंच पाहिजे, असा हिवरमाळच्या ग्रामसभेचा ठराव आला तर हुकूम फिरू शकतो. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती. मी सरपंच राजश्रीताईंकडं गेलो. ताई बौद्ध वस्तीतल्या, बारावी शिकलेल्या, टँकरच्या प्रत्येक खेपेला स्वतः उभ्या राहणाऱ्या. त्यांनी सांगितलं, माझ्याकडून होच आहे, पण आप्पांची माणसं अडून बसलीत, तुम्ही त्यांना भेटा.

म्हाळूआप्पांना भेटलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावाचा पाऊस माझ्या डगल्यानं अडवलाय. आधी पावसाचं देणं फेडा, मग ठराव. आमच्याकडं पाऊस ओढ देतो तेव्हा धोंडी काढतात. एकाच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, त्याला दारोदार न्यायचं आणि प्रत्येक घरच्या बाईनं त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. आप्पांच्या मते या साली धोंडी मीच व्हायला पाहिजे. मी विज्ञानाबद्दल बोललो. माझ्या नोकरीतल्या दर्जाबद्दल बोललो. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमाला कुठं भिजवतुय डॉक्टर," ते म्हणाले. "डगल्याला भिजवायचा हाय. तुमी फकस्त आत ऱ्हावा."

मी विचार केला आणि मला यात काहीच वावगं दिसेना. पाणी सुटावर पडणार. सूट बन्सीनं केलेला. मी आत कोरडा, माझा मान कोरडा, गावाचं समाधान, आणि वर ठराव. घरी सुषमाला सांगितलं तर ती म्हणाली, डोक्याचं काय? मी म्हटलं, टोपी आहे. ती पुन्हा वह्यांकडं वळली.

चौदा ऑगस्टला सकाळी मी पारासमोर सुटात उतरलो. वरून पाला बांधला. डोक्याला पाल्याची चुंबळ घालायची म्हणून आप्पांनी माझी टोपी मागं सारली, आणि ती मागं सारताना गळ्याशी केवढी मोठी वाट उघडी झाली ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मिरवणूक निघालेली होती. राजश्रीताईंनी आधीच बजावलं होतं की मला हे पटत नाही, माझ्या दारात आणू नका. पण कुणी तांब्याच्या वर पाणी सांडू नये म्हणून त्या बरोबर चालत होत्या, तोंड वाकडं करून.

पहिल्या दारात पहिला तांब्या डोक्यावर आला. अर्धा सुटावरून ओघळला, अर्धा मानेतून आत गेला, पाठीवरून उतरला आणि डाव्या बुटात जाऊन थांबला. दुसऱ्या दारातला उजव्या बुटात. मी म्हटलं, ठीक आहे, बुटापुरतंच आहे. पण हिवरमाळ हे दिसतं त्यापेक्षा मोठं गाव आहे. घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या. खालून एक थेंब आत येऊ न देणारी बन्सीची कारागिरी आता एक थेंब बाहेर जाऊ देत नव्हती. गुडघ्यांपर्यंत पाणी आलं तेव्हा माझं चालणं बदललं. मांड्यांपर्यंत आलं तेव्हा मी दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून पुढं ठेवायला लागलो. सूट फुगला, माझा आकार गेला. आणि शेवटच्या आळीच्या तोंडाशी मी थांबलो तो थांबलोच. पाय उचलेना. थंडीनं दात वाजत होते आणि सगळं अंग थरथरत होतं.

मागची मिरवणूकही थांबली. मग कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांच्या अंगात आलं. दोन बायका पुढं येऊन पाया पडल्या. म्हाळूआप्पा स्वतः हात जोडून पुढं झाले आणि पाऊस कवा पडंल ते विचारायला लागले. मला उत्तर देता येईना, नुसते दात वाजले, आणि ते त्यांनी फार मनावर घेतलं. राजश्रीताई तेवढ्या सरळ माझ्याजवळ आल्या, वाकल्या, आणि माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. आत पाणी डुचमळलं.

त्यांनी हसू दाबलं नाही. एकट्या हसायला लागल्या, मग सगळी आळी हसायला लागली, आप्पासुद्धा. मी तिथं पाल्यात उभा. सरकारी नोकर, दोन तालुक्यांत नाव असलेला माणूस, छातीपर्यंत पाण्यानं भरलेला. मला इतका राग आला की वाटलं, नको तुमचा ठराव, नको काही, जातो वेल्ह्याला.

तेवढ्यात समोरच्या दारातून विठाबाई बाहेर आल्या. हातात तांब्या. त्यांचं घर शेवटचं, त्या फाट्यावरच्या रांगेत पोचेपर्यंत टँकर तळाला लागलेला असतो. मी हात वर केला. म्हटलं, विठाबाई, तुम्ही नका ओतू, राहू द्या, गायीला ठेवा ते. त्यांनी ऐकलं नाही. टाचा उंचावून तो तांब्या माझ्या डोक्यावर रिता केला, आणि मग पदरानं माझा चेहरा पुसला.

"पावसाचं मला काय ठावं न्हाई सायेब," त्या म्हणाल्या. "आप्पा म्हनला, डगला भिजला तरच तुमी ऱ्हानार. म्हून समद्यांनी ओतलं."

 मी त्या आळीकडं मागं वळून बघितलं. दारादारात बाया उभ्या होत्या, रिकामे तांबे घेऊन, हसत होत्या. टँकरच्या रांगेत तास तास उभ्या राहून आणलेलं पाणी होतं ते. पावसासाठी नव्हे, माझ्यासाठी ओतलेलं. मी त्यांच्यावर इतका वेळ चिडून उभा होतो. मला भरून आलं, आणि खरोखर आता आणखी भरायला माझ्यात जागा नव्हती.

मी म्हटलं, हे पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. यावर मात्र सगळ्या गावाचं एकमत झालं. पण काढायचं कसं? बूट चिकटवलेले, विजार उतरवावी तर पाणी रस्त्यावर. शेवटी चार गड्यांनी मला उचललं, विठाबाईंच्या गोठ्यात नेलं, आणि दगडी कुंडीवर पाय वर, डोकं खाली असा धरून मला रिकामा केला. हंडा पालथा करतात तसा. गळ्यातून, बाह्यांतून, नाकाकानांवरून सगळं हिवरमाळचं पाणी कुंडीत गेलं. ज्या गायीनं या सुटाचा आवाज ऐकून दावं तोडलं होतं ती शेजारीच बांधलेली होती. भिजलेली ताडपत्री आता वाजत नव्हती. गाय पुढं आली आणि मी अजून उलटा असतानाच माझ्या कानाशी पाणी प्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर ठराव झाला. डॉक्टर गावाला पाहिजेत, एकमतानं. राजश्रीताईंनी त्याला आणखी एक ओळ जोडली, की डॉक्टरांचा पोशाख मात्र गावाच्या ताब्यात राहील. मी हरकत घेतली नाही. हुकूम फिरला. सुषमानं तो कागद दोनदा वाचला आणि त्या संध्याकाळी श्रीखंड आणलं. आबांनी विचारलं, आता पावसाचं काय करनार? मी म्हटलं, भिजणार.

आणि पाऊस? नाही आला. धोंडीनं आला नाही, ठरावानं आला नाही. म्हाळूआप्पांचं म्हणणं पडलं की पाणी जमिनीवर पडायला पाहिजे होतं, ते डॉक्टरांनी आतल्या आत ठेवून घेतलं.

टँकर चालूच राहिला. त्याची जागा गावाबाहेर फाट्यावर, आणि विठाबाईंना दोन हंडे एवढ्या लांबून आणणं झेपत नसे. राजश्रीताईंनी त्यावर उपाय काढला. सकाळी शिरूरहून निघून मी फाट्याशी येतो तेव्हा टँकरपासून गावातला कुणीतरी सायकल ढकलत गावाकडं निघालेला असतो, विठाबाईंचं पाणी पोचवायला. कॅरियरवर माझी विजार बसलेली असते. कमरेशी दोरीनं घट्ट बांधलेली, दोन्ही तंगड्या दोन बाजूंना, गमबूट खाली लोंबकळत, पोटापर्यंत भरलेली, एक थेंब गळत नाही. लोक तिला डॉक्टरच म्हणतात. आज डॉक्टर आले का, डॉक्टरांना नीट धरा, डॉक्टर सांडतील, असं चाललेलं असतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लागलं होतं. आता मी गाडी कडेला घेतो, एक पाय खाली टेकवतो, आणि भरलेल्या डॉक्टरांना आधी जाऊ देतो.